डाएटचा तक्ता की स्वतःची भूक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन कमी करण्यासाठी, साखर आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा नुसतेच ‘नीट खाण्यासाठी’ वर्षानुवर्षे आहाराचे तक्ते पाळून थकलेली माणसे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. त्याआधी भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे. किती खायचे, हे निरोगी शरीर पुष्कळ अचूक सांगते. काय खायचे, हे ते अर्धवटच सांगते. आणि काही आजारांत किंवा काही औषधांच्या प्रभावाखाली यांपैकी एकही गोष्ट ते भरवशाने सांगू शकत नाही. शरीरावर विश्वास ठेवा असा सल्ला देणारे पुष्कळ लेखन हा फरक करत नाही, म्हणून ते वाचून काही जण भारावून जातात आणि काही जण चिडतात.

प्रश्न: शरीरावर विश्वास ठेवून खाणे म्हणजे नेमके काय करायचे?

भूक लागली की जेवायचे, पोट भरत आले की थांबायचे आणि कोणत्याही पदार्थाची नोंद पाप-पुण्याच्या वहीत करायची नाही. सांगायला इतके सोपे असलेले हे काम करायला मात्र अवघड जाते, कारण घड्याळ, वजनकाटा, कॅलरी मोजणारे ॲप आणि नातेवाइकांचे शेरे यांनी भुकेची जागा केव्हाच घेतलेली असते. आज ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९९५ मध्ये दोन अमेरिकन आहारतज्ज्ञ स्त्रियांनी मांडली. तक्ता पाळला की वजन उतरते, तक्ता सुटला की ते परत येते आणि दोष मात्र पाळणाऱ्याच्या माथी बसतो, हे त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या माणसांत पाहिले होते.

आपल्याकडे हा विचार अगदी परका नाही. आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबलावर अवलंबून असते, असे चरकसंहिता सांगते; पोटाचे दोन भाग अन्नासाठी, एक भाग द्रवासाठी आणि चौथा मोकळा ठेवावा, असे वाग्भटाने सांगितले आहे. या दोन्ही ठिकाणी माप खाणाऱ्याच्या पोटात आहे, तराजूत नाही. अर्थात, त्या ग्रंथांत पथ्यापथ्याचे नियमही भरपूर आहेत, त्यामुळे त्यांना आजच्या डाएटविरोधी विचाराचे पूर्वज ठरवण्याची घाई करू नये.

प्रश्न: सगळी बंधने काढली, तर मी दिवसभर गोडच खात बसेन. ही भीती रास्त नाही का?

भीती रास्त आहे, परंतु तिचे कारण बहुतेक लोक समजतात ते नाही. खा-खा सुटते ती बंधन काढल्यामुळे नव्हे, तर आधी घातलेल्या बंधनामुळे, असे दाखवणारा पुरावा बराच जुना आहे.

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक देण्यात आला आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तितके आइस्क्रीम खाऊ देण्यात आले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविक आहे. ज्या सतत डाएटवर असत, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता उद्यापासून पाहू, ही मनःस्थिती प्रयोगशाळेत पकडली गेली ती अशी. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की पेयात कॅलरी खरोखर किती आहेत, यापेक्षा त्या पुष्कळ आहेत असा समज करून दिला जाणे जास्त प्रभावी ठरते. म्हणजे बांध फुटतो तो पोटात नव्हे, मनात.

याहून गंभीर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातला आहे. उपासमारीतून वाचलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे समजून घेण्यासाठी अन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. नैतिक कारणांसाठी सैनिकी सेवा नाकारलेले हे स्वयंसेवक होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी दिल्या गेल्या आणि त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. अन्नाशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरे काही उरले नाही; ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर त्यांतील काहींची भूक कितीही खाल्ले तरी भागत नसे आणि ती पूर्ववत व्हायला महिने लागले. आज ‘१,२०० कॅलरींचा तक्ता’ किती सहज हातात ठेवला जातो, हे येथे आठवून पाहावे. ते तरुण आजच्या बैठ्या कामाच्या माणसांपेक्षा पुष्कळ अधिक चालत होते, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही अर्धपोटी राहणाऱ्या माणसाची वखवख हा स्वभावदोष नसून शरीराचे उत्तर आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

त्यामुळे बंधने काढल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गोड किंवा तळलेले जास्त खाल्ले जाण्याची शक्यता असते. पुष्कळांच्या बाबतीत ती लाट ओसरते. डब्यात लाडू आहेत आणि उद्याही असणार आहेत, याची खात्री पटली की त्यांची ओढ कमी होते.

प्रश्न: पोट भरले हे शरीराला कसे कळते?

एका नव्हे, अनेक वाटांनी. जठर ताणले गेले की त्याची वार्ता व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाते. अन्न लहान आतड्यात उतरले की तेथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके स्रवतात व भूक मंदावते. जठर रिकामे असताना वाढणारे घ्रेलिन जेवणानंतर खाली येते. त्याचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला. शरीरातील चरबीच्या साठ्याची दीर्घकालीन नोंद मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले.

या यंत्रणेला वेळ लागतो. आतड्यांतून येणारे संदेश पुरते पोचायला साधारण १५ ते २० मिनिटे जातात आणि लोकल पकडण्यापूर्वी उभ्याने वडापाव संपवायला तीन-चार मिनिटे पुरतात. अशा वेळी शरीराने सांगितले नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला बोलू दिले गेले नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की हीच यंत्रणा घटलेले वजन परत आणण्यासाठीही झटते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल व्यक्तींना १० आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार देण्यात आला. वजन उतरले, लेप्टिन घटले, घ्रेलिन वाढले, भूक वाढली आणि एक वर्षानंतरही ही संप्रेरके मूळ पातळीवर आलेली नव्हती. वजन परत चढलेल्या माणसाला ‘तुमच्यात चिकाटी नाही’ असे सुनावणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

प्रश्न: खरी भूक आणि ‘तोंडाला काहीतरी हवे’ ही भावना यांत फरक कसा करावा?

पोटातली भूक हळूहळू वाढते आणि ती पदार्थाविषयी फारशी चोखंदळ नसते. भाकरी-पिठले, वरण-भात किंवा कालची पोळी, काहीही चालते. दुपारी चार वाजता कंटाळ्यातून उठणारी इच्छा अचानक येते आणि तिला फरसाणच हवे असते. हा फरक उपयोगी आहे, पण त्याचा पुन्हा एक नियम करू नये. दिवाळीत चकलीची चव घ्यायला पोटात कावळे ओरडत असण्याची अट नसते. अडचण उद्भवते ती राग, एकटेपणा, कंटाळा किंवा अपुरी झोप या प्रत्येकावर खाणे हाच उपाय उरतो तेव्हा. अपुऱ्या झोपेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. झोप कमी झाली की भूक खरोखरच वाढते, ती काल्पनिक नसते.

प्रश्न: मला भूकच कळत नाही. मग मी कशावर विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न स्त्रियांकडून अधिक येतो आणि त्यामागचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. सकाळी सर्वांचे डबे भरायचे, स्वतः दोन कप चहावर अकरा वाजवायचे, दुपारी उरलेसुरले संपवायचे आणि रात्री सर्वांची पाने आटोपल्यावर शेवटी बसायचे, हा क्रम वीस-पंचवीस वर्षे चालला तर भूक मरते. ती नसते असे नाही. तिला कोणी उत्तर देत नाही, म्हणून ती लक्षात येण्याजोगी उरत नाही. संध्याकाळनंतर मात्र ती डोकेदुखी, चिडचिड किंवा अनावर गोड खाण्याच्या रूपाने बाहेर पडते. रात्रपाळीची नोकरी करणाऱ्यांची आणि वर्षानुवर्षे डाएट करणाऱ्यांची अवस्थाही याहून वेगळी नसते.

अशा वेळी भुकेची वाट पाहत बसणे हा चुकीचा सल्ला ठरेल. प्रथम काही आठवडे ठरावीक वेळांना, साधारण तीन-चार तासांच्या अंतराने, पोटभरीचे काही खावे. सकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी पोहे, उपमा, थालीपीठ किंवा रात्रीची भाकरी घ्यावी. दुपारचे जेवण सर्वांबरोबर किंवा निदान ठरलेल्या वेळी करावे. नियमित अन्न मिळू लागले की भूक बहुधा वेळेवर आणि ओळखू येईल अशी लागू लागते. घड्याळाचा आधार येथे तात्पुरता घ्यायचा आहे आणि तो घेण्यात तत्त्वाचा भंग होत नाही. जेवणाला लागूनच चहा घेण्याची सवय मात्र बदलावी, कारण चहामुळे अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा येतो आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

भूक अनेक दिवस अजिबात लागत नसेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर हा विषय खाण्याच्या सवयींचा राहत नाही, डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न: एखादा पदार्थ खावासा वाटतो, म्हणजे शरीराला त्यातल्या घटकाची गरज असते, हे खरे आहे का?

बहुतेक वेळा नाही. ही समजूत इतकी लोकप्रिय आहे की शरीरावर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा असतो.

गरोदरपणात किंवा एरवीही काही स्त्रियांना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटतो. लोहाच्या कमतरतेशी याचा संबंध वारंवार आढळला आहे. म्हणजे शरीर काहीतरी बिघडले आहे हे सांगते, परंतु ज्याकडे बोट दाखवते तो त्यावरचा उपाय नसतो; माती खाल्ल्याने रक्तक्षय बरा होत नाही, उलट जंत होऊ शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाचे उदाहरण याहून बोलके आहे. शाकाहारी माणसांत त्याची कमतरता पुष्कळ आढळते आणि ती हातापायांना मुंग्या येण्यापर्यंत व विसरभोळेपणापर्यंत जाऊ शकते, तरीही कोणाला त्यामुळे दूध-दह्याची विशेष ओढ लागत नाही. येथे शरीर गप्प असते आणि रक्ताची तपासणी बोलते.

या संदर्भात क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचा प्रयोग नेहमी सांगितला जातो, पण अर्धाच. १९२० आणि १९३० च्या दशकांत त्यांनी नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या १५ बालकांपुढे सुमारे ३४ पदार्थ ठेवले आणि त्यांना हवे ते, हवे तितके खाऊ दिले. परिचारिकांना सुचवण्याची किंवा आग्रहाची मुभा नव्हती. प्रत्येक मुलाची निवड वेगळी आणि विचित्र होती, तरी सगळी मुले उत्तम वाढली. सांगायचे राहून जाते ते हे की त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद पदार्थ नव्हते. होती ती साधी धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस. या प्रयोगाची खरी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे, असे १९३९ मध्ये स्वतः डेव्हिस यांनीच म्हटले होते. मुलांनी मात्रा ठरवली. पर्याय प्रौढांनी ठरवले.

प्रश्न: मग पाकिटातले पदार्थ खाताना शरीराचे ऐकावे की नाही?

ऐकावे, पण त्याला ऐकू येण्याइतकी शांतता त्या पदार्थांत नसते, हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. दोन्ही प्रकारांत पुढे ठेवलेल्या अन्नातील कॅलरी, साखर, मेद, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण सारखे राखले होते आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नाच्या काळात ते तितकेच घटले. माणसे तीच होती, त्यांचा निग्रह तोच होता, फक्त ताट बदलले होते.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे, कारण तो दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो. मात्रा मोजा म्हणणाऱ्यांना तो सांगतो की साधे अन्न असेल तर मोजण्याची फारशी गरज नाही, आणि हवे ते खा म्हणणाऱ्यांना तो सांगतो की काय उपलब्ध आहे यावर ‘हवे ते’ ठरते. म्हणून वेफर, बिस्किटे, इन्स्टंट नूडल्स आणि कोल्ड्रिंक यांना निषिद्ध ठरवू नये, पण घरात त्यांचा कायम साठाही ठेवू नये. हे बंधन स्वतःवर नसून बाजाराच्या यादीवर आहे.

प्रश्न: दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीचे काय? आणि उपवासाचे?

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे महाराष्ट्रभर पोचवलेली दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत लाखो घरांत चर्चिली गेली आहे. तिच्यात कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा आधी ओळखायच्या असतात, ही गोष्ट अनेक जण विसरतात. म्हणजे तिची सुरुवात भूक ओळखण्यापासूनच होते. ज्यांना दोन जेवणांत समाधान मिळते आणि मध्ये अन्नाचे विचार छळत नाहीत, त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. जे तिसऱ्या वेळेची भूक दाबून ठेवतात आणि ५४ व्या मिनिटाला घाईघाईने गोड संपवतात, त्यांना ती मानवत नाही, असे समजावे. एकाच पद्धतीबद्दल दोन माणसांचा अनुभव परस्परविरुद्ध असू शकतो आणि दोघेही खरे बोलत असतात.

उपवासाबद्दल ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण पुरेशी आहे. श्रद्धेने केलेला उपवास हा आहाराचा प्रश्न नाही. वजन उतरवण्यासाठी संकष्टीचा आधार घेणाऱ्यांनी मात्र चंद्रोदयानंतर आपण कसे जेवतो आणि साबुदाण्याची खिचडी किती खातो, याकडे पाहावे. साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्ट आहे आणि त्यात प्रथिने नावापुरतीच असतात.

प्रश्न: लग्नकार्यात किंवा नातेवाइकांकडे आग्रह होतो, तेव्हा काय करावे?

पंगतीत जिलेबी वाढताना ‘अजून एक, माझी शपथ’ म्हणणाऱ्या काकूंना संप्रेरके समजावून सांगू नयेत. पानात टाकू नये हा संस्कार चांगला आहे आणि तो पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे थोडे वाढून घेणे व हवे तर पुन्हा मागणे. नकाराचे कारण डाएट म्हणून दिले की वाद सुरू होतो. ‘पोट भरलं, फार छान झालं होतं’ एवढ्याने बहुधा विषय मिटतो. कधीतरी आग्रहाखातर दोन घास जास्त गेले, तर पुढच्या जेवणाला भूक आपोआप कमी लागेल. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून हिशेब चुकता करू नये.

प्रश्न: मुलांना त्यांच्या भुकेवर सोडले तर ती काही खाणारच नाहीत. त्यांचे काय?

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि कुटुंबोपचारकांनी केलेली विभागणी येथे फार उपयोगी पडते. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे आईवडिलांनी ठरवावे. त्यातले किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. आपल्याकडे हे बहुतेक वेळा उलटे होते. काय हवे ते मुलाला विचारले जाते आणि किती खायचे ते आजी मोबाइल समोर धरून ठरवते. सतत संपवण्याचा दबाव आला की मुले पोट भरल्याच्या जाणिवेकडे कमी लक्ष देऊ लागतात, आणि एखादा पदार्थ समोर ठेवून मनाई केली की त्याची ओढ वाढते, असे लिॲन बर्च यांच्या संशोधनातून दिसले आहे. मुलाचे वजन वाढीच्या तक्त्यात घसरत असेल, तर ही मोकळीक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांचे ऐकावे.

प्रश्न: या पद्धतीने वजन कमी होईल का?

कदाचित होईल, कदाचित वाढेल, बहुधा फारसे बदलणार नाही. वजन कमी करण्याचे आश्वासन देऊन ही पद्धत विकणारी माणसे तिच्या मूळ विचारालाच छेद देतात. आजवरच्या अभ्यासांत तिचा लाभ मुख्यतः मानसिक बाजूने दिसतो. अनावर खाण्याचे प्रसंग आणि स्वतःच्या शरीराविषयीची घृणा या पद्धतीने खाणाऱ्यांत कमी आढळते. यांतील बरेच अभ्यास एका वेळचे चित्र दाखवणारे आहेत, त्यामुळे कारण आणि परिणाम यांविषयी ठामपणे बोलू नये.

तथापि, वजनाकडे पाहायचे नाही म्हणून आरोग्याकडेही पाहायचे नाही, असा अर्थ आपल्यासारख्या लोकांनी काढणे महागात पडेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती चरबी आणि रक्तात साखर असू शकते व त्याची कोणतीही जाणीव त्याला होत नाही. म्हणून चाळिशीच्या आधीच, आणि घरात मधुमेह असेल तर त्याहूनही लवकर, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. काट्यावरचा आकडा दररोज पाहण्यापेक्षा हे वर्षातून एकदा करणे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रश्न: मला मधुमेह आहे. मी भुकेनुसार खाऊ शकतो का?

औषधे कोणती आहेत, यावर ते अवलंबून आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने भूक नाही म्हणून जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड आणि अचानक लागलेली तीव्र भूक ही तिची लक्षणे आहेत. साखर ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अनेक वर्षांच्या मधुमेहात ही लक्षणे जाणवेनाशी होतात. शरीराच्या इशाऱ्यावर विसंबून राहू नये असे ज्या थोड्या प्रसंगांत स्पष्टपणे सांगावे लागते, त्यांपैकी हा एक.

तरीही मधुमेही माणसाला या विचारातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून कोणत्या ताटाने काय झाले, हे पाहणे म्हणजे शरीराचेच ऐकणे आहे, फक्त यंत्राच्या मदतीने. एका व्यक्तीला ज्वारीच्या दोन भाकऱ्या चालतात, दुसरीला एकच. मूत्रपिंडाचा विकार, सिलिॲक आजार किंवा अन्नाची ॲलर्जी असेल, तर पथ्य हे पथ्यच असते आणि तेथे वाटाघाटी नाहीत. वृद्धापकाळात तहान आणि भूक दोन्ही मंदावतात, म्हणून घरातील ज्येष्ठांना तहान लागण्याची वाट न पाहता वेळच्या वेळी पाणी, ताक, पेज द्यावी; हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर ती अर्थातच पाळावी.

प्रश्न: भूक कमी करणारी इंजेक्शने घेताना या विचाराला काही अर्थ उरतो का?

मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. ही औषधे आतड्यांतील संप्रेरकांची नक्कल करतात, त्यामुळे भूक घटते आणि पोट लवकर भरते. ज्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षे अन्नाचे विचार घोंगावत होते, त्यांपैकी काहींना या शांततेने प्रथमच कळते की सडपातळ माणसे ज्याला स्वतःचा निग्रह म्हणत होती, तो बराचसा भुकेचाच फरक होता. मात्र औषध चालू असताना भूक कमी वाटते म्हणून केवळ चार घास खाल्ले, तर प्रथिने कमी पडतात आणि स्नायू झिजतात. अशा काळात डाळी, उसळी, अंडी, मासे, पनीर यांना ताटात आधी जागा द्यावी आणि भूक असो वा नसो, जेवणाची वेळ पाळावी. औषध बंद केल्यावर भूक परततेच, त्याची कल्पना आधीच असलेली बरी.

प्रश्न: सुरुवात कोठून करावी?

एका जेवणापासून. रोजचे एक जेवण मोबाइल आणि दूरदर्शन बंद ठेवून, बसून करावे. निम्मे ताट संपल्यावर क्षणभर थांबून अजून चव पहिल्या घासाइतकी लागते का, ते पाहावे. पोट भरत येते तशी चव मंदावते आणि ही खूण पोटाच्या ताणापेक्षा लवकर मिळते. ताटात काय असावे, यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी आहेत. त्यांत ताटाचा सुमारे निम्मा भाग भाज्या व फळांचा आहे. आपल्या नेहमीच्या ताटात भात किंवा पोळी जास्त आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते. भूक ओळखण्याच्या कोणत्याही सरावापेक्षा हे प्रमाण बदलल्याने अधिक फरक पडतो. त्यानंतर किती खायचे, ते पोटाला ठरवू द्यावे.

नोंदवही ठेवायची असेल, तर कॅलरींची नको. जेवणापूर्वी भूक कशी होती आणि दोन तासांनी कसे वाटले, सुस्ती आली की हुशारी, एवढेच लिहावे, आणि तेही कंटाळा येईपर्यंतच.

प्रश्न: नियम मोडण्याच्या कल्पनेनेच मला घाबरायला होते. हे नेहमीचे आहे का?

थोडी अस्वस्थता नेहमीची असते. परंतु ठरल्यापेक्षा जास्त खाल्ले म्हणून उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, तासन्‌तास व्यायाम करणे, लपून खाणे, चारचौघांत जेवणे टाळणे, वजन घटल्यामुळे पाळी बंद होणे ही लक्षणे आजाराची आहेत आणि ती किशोरवयीन मुलींप्रमाणेच मुलांत व प्रौढांतही आढळतात. अशा व्यक्तीने वरील उत्तरे वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत. तिची भुकेची जाणीव आजारानेच विस्कटलेली असते, म्हणून सुरुवातीला तिला ठरावीक वेळांना ठरावीक अन्न देणारा आराखडाच लागतो आणि तो मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांनी मिळून करायचा असतो. कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.